नवी साडेतीनशे, पहिले पाचशे किलोमीटर आणि चोर्ल्याचा घाट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पाडव्याला तुम्ही रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटरसायकल घेतली. आजवर दीडशेच्या आसपास किलोमीटर झालेत. रोज खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागला कामावर येता-जाता. शोरूमवाल्यानं सांगितलं, पहिली सर्व्हिस होईपर्यंत ५० च्या वर नेऊ नका. मामा म्हणतात, हजार किलोमीटर ४० नंच मार आणि उतारावर क्लच दाबून सोड. मित्र म्हणतो, "काय होत नाही, पहिल्या दिवसापासून पिळ, तरच गाडी पळतीय." आणि पुढच्या रविवारी बायकोला मागं बसवून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरून गोव्याला जायचं ठरलंय. ऐकायचं कुणाचं, आणि जायचं की नाही?

पहिल्यांदा एक गोष्ट. शोरूमवाला आणि मामा दोघांनीही तुम्हाला वेगाचा आकडा दिला. इंजिनाला वेग कळत नाही. ते मिनिटाला किती फिरतंय, किती ओझं ओढतंय आणि किती तापलंय, एवढंच त्याला कळतं. तिसऱ्या गिअरला ५० आणि पाचव्या गिअरला ५० हा काट्यावर एकच आकडा आहे, पण आत पिस्टन-क्रँकवर जे होतं ते पार वेगळं. सपाटीवर एकट्यानं ५० आणि चढावर डबल सीट ५० यातही तेवढाच फरक. म्हणून "किती पळवू" हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. पिस्टनभोवतीच्या रिंगा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला घासणारी कडी, नीट बसायला इंजिनाला कधी, किती आणि कसं ओझं द्यायचं, हा प्रश्न आहे. उत्तर थोडं लांबेल.

माझं गॅरेज टाकण्याआधी मी उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये बोअरिंग-होनिंगच्या मशीनवर होतो. जुने ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते सिलिंडर, यायचे, बोअर मारायचा म्हणजे आतलं भोक थोडं मोठं करायचं, वरच्या साइझचा पिस्टन बसवायचा आणि शेवटी होनिंग. बोअर मारून झाल्यावर आतली भिंत डोळ्याला गुळगुळीत दिसते, पण ती तशीच देत नाहीत. होनिंगचे दगड फिरवत-फिरवत खालीवर करून तिच्यावर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची बारीक जाळी मुद्दाम पाडतात. कंपनीतही हेच होतं, फक्त तिथली मशिनं जास्त अचूक. या रेघांची दोन कामं. एक, रेघांच्या खोलगट भागात ऑइल धरून राहतं, म्हणजे रिंग कोरडी घासत नाही. दुसरं, रेघांच्या मधल्या उंचवट्यांवर रिंग घासते, उंचवट्यांची टोकं झिजतात, रिंगेचा तोंडाकडचा काठही झिजतो, आणि दोघं एकमेकांच्या मापाचे होतात. आपण ज्याला इंजिन सेट होणं म्हणतो त्यातला मोठा भाग हाच. गिअरचे दात, क्लच प्लेटा, कॅम, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा, हे सगळंही थोडंफार घासून बसतं. पण ते चुकलं तर आवाज येतो, कटकट होते. रिंगा चुकल्या तर ब्लॉक खोलावा लागतो.

आता जे मामांना आणि शोरूमवाल्याला कुणी सांगितलेलं नसतं ते. रिंगेला स्वतःचा ताण असतो, पण तो थोडाच. भिंतीवर तिला खरी दाबते ती पेट्रोल पेटल्यावर तयार होणारी हवा. ती हवा वरच्या रिंगेच्या खाचेत शिरते, रिंगेच्या मागं जाते आणि तिला आतून बाहेर ढकलते. अ‍ॅक्सिलेटर थोडा उघडला की हा दाब थोडा, जास्त उघडला की जास्त. म्हणजे गाडी जर सतत अंगठ्याएवढ्या अ‍ॅक्सिलेटरवर गोगलगायीसारखी चालवली, तर रिंग भिंतीवर पुरेशी दबतच नाही. उंचवटे हळूहळू चकाकतात पण रिंग मापात येत नाही. वर राहिलेलं ऑइल जळून भिंतीवर एक काचेसारखा पातळ थर धरतो. तो एकदा धरला की पुढं हजारो किलोमीटर मारा, रिंग त्याच्यावरून नुसती घसरते. गिऱ्हाईक मग गाडी घेऊन येतं: "नवी गाडी आहे, मी फुलासारखी जपली, तरी ऑइल कमी होतं, सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर येतो." तिथं बाटलीतलं कुठलंही औषध चालत नाही. ब्लॉक काढायचा, पुन्हा होनिंग करायचं, नव्या रिंगा टाकायच्या.

म्हणून मित्र बरोबर असं समजू नका. त्याच्या बोलण्यात अर्धी गोष्ट खरी आहे, रिंगांना ओझं लागतं ही. उरलेली अर्धी तो विसरतो. नव्या इंजिनात जिथं दोन भाग घासतात तिथं टोकांवर खूप उष्णता तयार होते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, ज्यात तो फिरतो ती भिंत बहुतेक गाड्यांत बिडाची. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. थंड इंजिन चालू करून लगेच पूर्ण अ‍ॅक्सिलेटर दिला की पिस्टन आधी तापतो आणि फुगतो, भिंत मागं राहते, मधली फट कमी होते. नव्या इंजिनात ती फट आधीच तंग. याच वेळी पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे पडतात, आणि जास्त झालं तर पिस्टन पकडतो, म्हणजे आतच अडकतो. आजकालच्या गाड्यांत पकडण्यापर्यंत क्वचित जातं, पण ओरखडे मी पाहिलेत. रेसवाले नव्या इंजिनाला सुरुवातीलाच ओझं देतात हे खरं. पण ते आधी इंजिन पूर्ण गरम करतात, थोडं चालवून ऑइल काढून टाकतात आणि सीझनमध्ये इंजिन पुन्हा खोलतात. तुम्हाला हे इंजिन पोरगं कॉलेजला जाईपर्यंत न खोलता चालवायचंय.

मामांकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं मला मोडीत काढायचं नाही. त्यांनी बहुतेक येझदी किंवा राजदूत चालवली असणार. येझदी आपल्याच म्हैसूरला बनायची, इकडं घरोघरी होती. ही टू-स्ट्रोक इंजिनं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, आणि पेट्रोल आत गेलं तरच ऑइल आत जाणार. लांब उतारावर अ‍ॅक्सिलेटर बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली तर इंजिन जोरात फिरतंय, पण पेट्रोल नाही म्हणून ऑइलही नाही. पिस्टन कोरडा पडायचा. म्हणून जुनी माणसं उतारावर क्लच दाबायची किंवा मधेमधे थोडी रेस द्यायची. त्यांच्या गाडीला ते अगदी बरोबर होतं. तेव्हाचं मशिनिंग, तेव्हाचं ऑइल बघता हजार किलोमीटर सांभाळून मारा हेही बरोबर होतं. तुमची गाडी फोर-स्ट्रोक. खाली ऑइल साठलेलं असतं आणि इंजिनावर चालणारा पंप ते वर फेकतो. अ‍ॅक्सिलेटर बंद असला तरी इंजिन फिरतंय तोवर पंप फिरतोय. उलट उतारावर गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर सोडला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि खालचं ऑइल रिंगांपर्यंत चांगलं येतं. घासून निघालेली बारीक पूड धुऊन जायला त्याची मदत होते, असं माझं मत आहे. त्यामुळे मामांची उतारावरची सवय तुमच्या गाडीला लावू नका. क्लच दाबून घाट उतरणं ब्रेकच्या दृष्टीनंही वाईट, त्याचं पुढं सांगतो.

४० नं चालवायचं म्हणाल तर त्यात आणखी एक गोची आहे. तुमचं इंजिन लांब स्ट्रोकचं आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतली रुंदी, ७२ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर धाव, ८५.८. त्याचा टॉर्क ४००० आरपीएमला सगळ्यात जास्त आणि पॉवर ६१०० ला. गोड वाटतं म्हणून लोक ४० ला पाचवा टाकतात आणि धक-धक करत चढ चढवतात. हे सगळ्यात वाईट. इंजिन हळू फिरतंय म्हणजे ऑइलचा पंपही हळू, आणि प्रत्येक ठोक्याला क्रँकच्या बेअरिंगवर पूर्ण घाव. माझ्यामते नव्या गाडीला थोडी जास्त रेस परवडली, पण वरच्या गिअरला गुदमरवणं परवडत नाही. तुमच्या मीटरमध्ये आरपीएमचा काटा नाही, म्हणून कानानं आणि हातानं ओळखायचं. अ‍ॅक्सिलेटर थोडा उघडला आणि गाडी हादरून, ठोके मारत पुढं सरकली तर गिअर एक खाली. हँडल आणि पायाखालचं फुटरेस्ट झिणझिणायला लागलं तर एक वर, किंवा हात थोडा सोडा. या दोघांच्या मध्ये जी पट्टी आहे तिच्यात रहा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. मी सांगतोय ते एअर-ऑइल कूल्ड साडेतीनशेसाठी. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना तत्त्व हेच, पण ती इंजिनं मुळातच जास्त फिरतात, त्यामुळे तिथं गुदमरवण्याची चूक आणखी लवकर होते. लोक एव्हरेजसाठी ३० लाच टॉप गिअर टाकतात. केटीएमसारख्या काही गाड्यांत सिलिंडरच्या भिंतीवर खूप कडक लेप असतो, तिथं कंपनीच्या पुस्तकात आरपीएमची मर्यादा दिलेली असते, तीच पाळायची. स्कूटरला गिअर नाही, तिथं फक्त अ‍ॅक्सिलेटर कमी-जास्त करत राहायचं. आणि पुस्तक कुठलंही असो, माझं बोलणं आणि त्यातलं लिहिलेलं यात फरक पडला तर पुस्तक धरा. वॉरंटी त्यांची आहे, माझी नाही.

एक आडवी गोष्ट सांगतो, कारण इथं ती रोज बघतो. लोक नवी गाडी तळहातावर झेलतात आणि बोअर मारून आणलेली जुनी गाडी गॅरेजच्या दारातूनच पिळत नेतात. खरं तर उलटं पाहिजे. नव्या गाडीचं इंजिन कंपनीत अचूक मशीनवर होन झालेलं असतं आणि बाहेर पडण्याआधी चालवून तपासलेलं असतं. बोअर मारलेला ब्लॉक कुठल्या कारागिराच्या हातचा, पिस्टनची फट किती ठेवली, रिंगा कुठल्या कंपनीच्या, हे सगळं त्या-त्या कामावर. त्याला जास्त सांभाळावं लागतं आणि ऑइल दोनदा लवकर बदलावं लागतं. तुमच्या मामांची येझदी अजून घरात असेल आणि कधी तिचं काम काढलंत, तर त्यांचा हजार किलोमीटरचा नियम तिथं वापरा.

तुमच्या रोजच्या रस्त्याबद्दल. नशीब चांगलं आहे तुमचं. खानापूर ते उद्यमबाग म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापून ऑइलही तापायला पुरेसं. जे टिळकवाडीतून कॅम्पपर्यंत तीन-चार किलोमीटर जातात आणि गाडी बंद करतात, त्यांच्या नव्या गाडीचं जास्त कठीण असतं. इंजिन कधी नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाण्याचा अंश राहतो, आणि पाचशे किलोमीटर व्हायला दोन महिने लागतात. त्यांनी आठवड्यातून एकदा तरी सकाळी उचगाव किंवा राकसकोपपर्यंत एक फेरी मारावी. तुम्हाला ती गरज नाही.

तुमच्या रस्त्याचा दोष एकच: तो चांगला झालाय. चार पदरी रस्त्यावर हात एका जागी धरून ठेवला की खानापूर सोडल्यापासून पिरनवाडीपर्यंत एकच वेग, एकच आरपीएम. नव्या इंजिनाला हे नको. त्याला फरक पाहिजे. तर असं करा. सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट तसंच ठेवा, मग निघा. जागेवर उभं करून रेस देत बसू नका. एअर कूल्ड इंजिनाला उभ्यानं वारा लागत नाही आणि रिकाम्या रेसमध्ये रिंगांवर दाबही येत नाही, म्हणजे तोटा दोन्हीकडून. पहिले तीन-चार किलोमीटर गावातून हलक्या हातानं. हायवेला लागल्यावर, इंजिन तापलं की, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरला गाडी ३५-४० वर आणा, आणि अर्ध्यापर्यंत अ‍ॅक्सिलेटर देऊन ५५-६० पर्यंत ओढू द्या. मग हात सोडा, गिअरमध्येच ठेवून गाडीला आपसूक खाली येऊ द्या. मागं कुणी नाही ना ते आरशात बघून. पुन्हा ओढा. असं चार-पाचदा केलं की थोडा वेळ सरळ चालवा, परत करा. हातातला हा चढ-उतार रिंगांना पाहिजे तो दाब देतो आणि लगेच थंडही होऊ देतो.

इथं शोरूमवाला रागवेल, ५० सांगितले होते म्हणून. पाचशे किलोमीटरपर्यंत पुस्तकात दिलेला आकडा सतत ओलांडू नका हे मीही म्हणतो. क्षणभर ५५-६० ला जाऊन खाली येणं आणि ६० ला अर्धा तास धरून ठेवणं यात फरक आहे. तरी तुमचं मन धजत नसेल तर हेच तिसऱ्या गिअरला ३० ते ५० करा. रिंगांना वेग नाही, दाब पाहिजे. पहिल्या तीनशेपर्यंत अर्ध्याच्या वर अ‍ॅक्सिलेटर नको, नंतर पाऊण चालेल, आणि पूर्ण पिळणं सर्व्हिस होऊन आणखी पाचशे-हजार झाल्यावर. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. दुपारच्या परतीला एप्रिलचं ऊन असतं, तेव्हा ओढणं दोनदा कमी करा.

याच कारणासाठी चैत्रात एक सल्ला मी दरवर्षी देतो आणि कुणी ऐकत नाही. पाडव्याला गाडी निघते, कपिलेश्वराला पूजा होते, चाकाखाली लिंबू फुटतं, शेजारी कुंदा वाटतात, आणि लगेच जोतिबाची यात्रा. नवीकोरी गाडी, मागं एक माणूस, मांडीत पिशवी आणि हायवेवरून कोल्हापूरच्या दिशेनं सलग ७०-८०. सुतगट्टीचा चढ आणि तवंदीचा घाट मधेच. दर्शन जरूर घ्या, पण यमकनमर्डी, संकेश्वर, निपाणी असं थांबत जा. सर्व्हिस रस्ता मिळेल तिथं मुख्य रस्ता सोडा. कारखाने चालू असतात त्या दिवसांत चिकोडी-निपाणीकडच्या गाड्या उसाच्या ट्रॅक्टरमागं रेंगाळत, मधेच ओव्हरटेक करत चालतात. वैताग येतो, पण रनिंग-इनला, म्हणजे नवं इंजिन घासून बसवायला, ते गुळगुळीत हायवेपेक्षा बरं.

आता ऑइल. माझ्या मते सगळ्या रनिंग-इनमध्ये एकच काम असं आहे जे चुकवलं तर बाकीचं केलेलं वाया जातं, ते म्हणजे पहिलं ऑइल वेळेवर काढणं. जात्याला टाकी मारल्यावर, म्हणजे दगडाला नव्यानं खाचा पाडल्यावर, पहिलं पीठ कुणी खात नाही, त्यात खर असते. पहिलं ऑइल तसंच. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रिंगा, भिंत, गिअर, क्लच सगळ्यांचा बारीक चुरा त्यात उतरलेला असतो. गरम इंजिनातून ऑइल काढून पसरट भांड्यात घ्या आणि उन्हात धरा. चंदेरी पावडरीसारखी चमक दिसली तर घाबरू नका, ती व्हायचीच. बोटाला टोचेल असा तुकडा किंवा साल निघाली तर मात्र तिथंच थांबून दाखवायचं. बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत असते, तुमची पाचशेला.

सर्व्हिसला गाडी सोडून चहाला जाऊ नका, शक्य असेल तर उभे रहा. बघायचं काय? ऑइलबरोबर फिल्टर बदलला का. गर्दीच्या दिवसांत काही ठिकाणी गाडी धुऊन, चेनला ऑइल मारून देतात आणि फिल्टर तोच राहतो. जुना फिल्टर तुम्हाला दाखवायला सांगा. ऑइल पुस्तकातल्या ग्रेडचंच, तुमच्या गाडीला १५डब्ल्यू-५०, आणि डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल कितीही भारी असलं तरी त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लच घसरायला लागतो. मित्र पूर्ण सिंथेटिक टाक म्हणेल. कंपनीनं दिलं तेच चालू द्या. सर्व्हिसचं बिल आणि जॉब कार्ड जपून ठेवा. ऑइल बाहेर बदललंत आणि पुढं इंजिनाचं काही निघालं तर वॉरंटीला पहिला प्रश्न त्याच कागदाचा येतो.

पाचशेच्या आतही दर पेट्रोलला ऑइलची पातळी बघा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, इंजिन चालवून बंद करून थोडं थांबून, मग इंजिनाच्या बाजूला ऑइल दिसायची जी काच असते तिच्यात बघायचं. साइड स्टँडवर बघितलं तर आकडा खोटा. पहिल्या टाकीत एव्हरेज कमी आलं म्हणून दुःखी होऊ नका, इंजिन घट्ट आहे. ते सुटल्यावर वाढतं. हजार-दीड हजार झाल्यावर मोजा.

इंजिनाशिवायच्या तीन गोष्टी पटकन. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर आडवं होऊ नका. तुमचे ते झालेत. ब्रेक पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो, सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोरानं बरेचदा ब्रेक लावून बघितलेत तर उत्तम. आणि नवी चेन पहिल्या पाचशेत सगळ्यात जास्त सैल पडते. सर्व्हिसला ती पुस्तकातल्या मापानं ओढून घ्या, पण अतिघट्ट नको. डबल सीट बसल्यावर ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते.

आता गोव्याचं. हिशेब करू. दीडशे झालेत, रोजचे जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. शनिवारपर्यंत साडेचारशेच्या घरात पोचाल. म्हणजे शनिवारी पहिली सर्व्हिस करता येते. थोडी आधी चालेल का ते सर्व्हिस सेंटरला फोन करून आजच विचारा आणि वेळ घेऊन ठेवा, कारण पाडव्यानंतर सगळ्या नव्या गाड्या एकदमच पहिल्या सर्व्हिसला येतात. सर्व्हिस झाली तर रविवारी खुशाल निघा. नाही झाली, तर मी एक आठवडा पुढं ढकलीन. गाडी मोडेल म्हणून नाही. चुऱ्यानं भरलेल्या ऑइलवर डबल सीट घाट चढवण्याची गरज नाही म्हणून.

जाताना पहाटे निघा. खानापूर ते जांबोटी, पुढं कणकुंबीपर्यंत जंगलातला चढ-उताराचा रस्ता आहे, इंजिनाला हवा तसा. चोर्ल्यापासून उतरताना क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर अजिबात नाही. दुसरा किंवा तिसरा गिअर, अ‍ॅक्सिलेटर बंद, गाडी इंजिनावर धरलेली, आणि ब्रेक वळणाच्या आधी थोडा-थोडा. क्लच दाबून उतरलात तर दोन माणसांचं सगळं वजन नव्या पॅडवर पडेल, आणि घाटाखालच्या केरीला पोचेपर्यंत ब्रेकचा लिव्हर मऊ लागेल.

खरी परीक्षा परतीला आहे. केरीपासून वर चोर्ल्यापर्यंत सलग चढ, मागं बायको, कदाचित पिशव्या, आणि बहुतेक दुपार. शक्य असेल तर चारनंतरच चढायला लागा. चढावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा आणि इंजिनाला फिरू द्या. आवाज जास्त आला तरी चालेल, ठोके यायला नकोत. पुढं ट्रक असेल तर ओव्हरटेकसाठी पूर्ण पिळू नका, सरळ तुकडा येईपर्यंत मागं रहा. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा मिनिट चालू ठेवा, मग पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या. त्या वेळात इंजिनावर किंवा सायलेन्सरवर पाणी मारायचं नाही. नवी गाडी चिखल-धुळीची दिसली की लोकांचा हात शिवशिवतो, पण तापलेल्या धातूवर गार पाणी नको.

सोमवारी कामावर निघण्याआधी दोन गोष्टी बघा. चेन किती सैल पडली, आणि थोडा वेळ चालवून-थांबवून काचेत ऑइल कुठं आहे. रेघांच्या मध्ये असेल तर काही करायचं नाही. सर्व्हिसनंतर एका फेरीतच खालच्या रेघेजवळ गेलेलं दिसलं, तर स्वतः वरून ओतून गप्प बसू नका. गाडी सर्व्हिस सेंटरला न्या, मोजायला लावा आणि जॉब कार्डवर किलोमीटरसकट लिहून घ्या.